बारा मिनिटांचा ठेका

माणसाला वेळ पुरेनासा झाला की कला लहान होते, आणि लहान झाली की घराघरांत शिरते. हे तत्त्व आता सर्वमान्य आहे. चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत भरणाऱ्या तबलावर्गाने ते वेळेत ओळखलं, ही त्या वर्गाची दूरदृष्टी. (खाली चष्म्याचं दुकान असल्याचा याच्याशी संबंध नाही.)

पूर्वी तिथले मास्तर नव्या माणसाला वर्षभर नुसता ठेका वाजवायला लावत. तीनतालाच्या सोळा मात्रा, संपल्या की पुन्हा त्याच सोळा. परिणामी पटसंख्या चार होती, आणि त्यांतले एक गृहस्थ चष्म्याचा नंबर काढायला आले होते ते चुकून वर चढले होते. मग व्यवस्थापनाने (म्हणजे मास्तरांच्या सुनेने) नवं धोरण आखलं: दर आठवड्याला दोन तुकडे. तुकडा म्हणजे दोन-चार ओळींची छोटी रचना. वाजवायला जेमतेम अर्धं मिनिट. शेवटी तेच बोल तीनदा म्हणायचे, ती तिहाई, आणि तिचा अखेरचा ‘धा’ नेमका चक्राच्या पहिल्या मात्रेवर, समेवर, आणून आपटायचा. ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते आणि हात आपोआप टाळीला उठतो. वर्षभरात पटसंख्या चौसष्टवर गेली. मास्तर बोलेनासे झाले. पण संस्था वाढली की कुणीतरी बोलेनासं होतंच.

पाणीमीटर विभागातले हेडक्लार्क वयाच्या बावन्नाव्या वर्षी या वर्गात दाखल झाले. तीस वर्षं आवकजावक सांभाळलेला माणूस. त्यांनी तुकड्यांसाठी वेगळी नोंदवही उघडली. रकाने असे: अनुक्रमांक, ताल, प्राप्त दिनांक, कोणत्या मात्रेपासून सुरू, शेरा. ‘तिटकत गदिगन धा’ हे तीनदा म्हणायचं असेल तर तिसऱ्या मात्रेला निघावं, म्हणजे समेवर सुखरूप पोचता येतं, असं लाल शाईत लिहिलेलं होतं. अडीच वर्षांत नोंदी झाल्या दोनशे चौदा. त्यांतले तोंडपाठ एकशे नव्वद, हाताने वाजणारे एकतीस, समेवर येणारे नऊ. (या नवांपैकी पाच ऑफिसच्या टेबलावरच येत. तबल्यावर का येत नाहीत, याची चौकशी प्रलंबित आहे.)

त्यांच्या बायकोला गाता येत असे. ‘असे’ म्हणायचं कारण, गेली बावीस वर्षं ती दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर पुकारत होती, आणि तिच्या गळ्यातून दिवसाला सरासरी नव्वद वेळा ‘पुढचा नंबर’ एवढंच निघत होतं. लग्नाआधी ती बैठकीत गायची, हे हेडक्लार्कांना माहीत होतं. रेकॉर्डला होतं, म्हणा. त्या वर्षी दवाखान्याला कुलूप लागलं आणि ती पुन्हा रियाजाला बसली. सहा महिन्यांनी वाचनालयाच्या वार्षिक मेळाव्यात तिला गायला बोलावलं.

“अहो,” ती म्हणाली, “साथीला बसाल का? बारा मिनिटं नुसता ठेका धरा. बाकी काही नको.”

“नुसता ठेका?”

“नुसता. मला मागे जमीन हवीय, एवढंच.”

हेडक्लार्क हो म्हणाले. मनापासून म्हणाले, हे इथे नमूद करणं आवश्यक आहे. आठ दिवस दोघं पुढच्या खोलीत बसली, आणि तिचा आवाज वर चढला की त्यांना भरून येई. पण ठेका म्हणजे कसं, दारात पथारी टाकून घर राखण्यासारखं काम. कुणी येऊन म्हणत नाही की वा, काय राखलंत!

मेळाव्याला सत्तर माणसं होती. तिने पहिली ओळ घेतली तेव्हा कुजबुज थांबली. तीन मिनिटं सगळं नियमानुसार चाललं. चौथ्या मिनिटाला हेडक्लार्कांच्या उजव्या हाताला एकशे सत्तावीस क्रमांकाचा तुकडा आठवला. त्यांनी तो वाजवला. आणि काय आश्चर्य, समेवर आला! अडीच वर्षांतली दहावी नोंद. सत्तर माणसांनी टाळी दिली.

तबलजी तुकडा वाजवत असेल तर गाणाऱ्याने पहिली ओळच घोळवत थांबावं, असा शिष्टाचार आहे. ती थांबली. मग अंतऱ्याकडे, म्हणजे गाण्याच्या दुसऱ्या भागाकडे, वळू लागली. तेवढ्यात पुढचा तुकडा आला. ती परत थांबली. पुन्हा वळली, पुन्हा तुकडा. एकदा तिने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, दाद देते आहे. एकूण अकरा तुकडे झाले. त्यांतले आठ समेवर आले (राहिलेल्या तिनांनाही टाळी मिळालीच, सभागृह उदार होतं). बाराव्या मिनिटाला वाचनालयाच्या कार्यवाहांनी हेडक्लार्कांच्या गळ्यात हार घातला. तिच्या हातात गुच्छ दिला, तोही “काकू, जरा हा धरा, काकांचा फोटो घेतो” असं म्हणत.

दोघं घरी चालत निघाली.

“चांगलं झालं ना?” हेडक्लार्क म्हणाले.

“अंतरा राहिला.”

“अं?”

“मी अंतरा गायलेच नाही. सहा महिने त्याच्यासाठी बसले होते मी.”

तिचा आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. पुढचा नंबर पुकारावा तसं तिने सांगितलं. हेडक्लार्कांना ते वाक्य कुठल्याच रकान्यात घालता येईना.

आठवड्याभरात तिने ठेका धरणारं छोटं यंत्र आणलं. त्याला कौतुक नको असतं. ती दार लोटून गायला बसली की हेडक्लार्क बाहेर उभे राहून ऐकत. आत ती एका ओळीवर चढे, तिथे थोडी रेंगाळे आणि अलगद खाली येई. मध्ये कुणी घुसत नसे. हा तो अंतरा, हे त्यांच्या लक्षात आलं. एका सकाळी ते मास्तरांकडे गेले आणि म्हणाले, “मला ठेका शिकवा.”

मास्तरांनी आधी सून कुठे आहे ते पाहिलं. मग हळूच म्हणाले, “बसा. वर्ष लागेल.”

वर्ष लागलं. दहाव्या महिन्यात तिने आपण होऊन यंत्र बंद केलं आणि म्हणाली, “या, बसा.”

पुढच्या मेळाव्यात हेडक्लार्कांनी बारा मिनिटं ठेका वाजवला. तेवढाच. तिने अंतरा घेतला, पुरा घेतला, पुन्हा एकदा घेतला. टाळी कुठे द्यायची ते कुणाला कळेना, म्हणून कुणी दिली नाही. वीसेक माणसं चहाला उठून गेली. कार्यवाह जवळ येऊन सहानुभूतीने म्हणाले, “काका, हात गेला वाटतं. औषध चालू आहे ना?”

“चालू आहे,” हेडक्लार्क म्हणाले. ती तंबोरा गवसणीत घालत होती आणि गुणगुणत होती.

श्रोत्यांची ही पातळी पाहून सुज्ञ वाचकाला खेद होईल, आणि तो रास्तच आहे. तुकडे किती, समेवर किती आले, हार कुणाच्या गळ्यात पडला, हे सगळं तुम्ही लक्ष देऊन वाचलंत. ती गात काय होती, राग कोणता, त्या अंतऱ्याचे शब्द काय, हे मी कुठेच सांगितलेलं नाही. तुमचं काही अडलं?