अकराव्या भागाचा शेवट

सुभेदार कुणाच्याही घरी गेले, की चपला काढून पिशवीत घालतात आणि ती पिशवी मांडीवर घेऊन बसतात. लग्नाच्या पंगतीतसुद्धा पिशवी मांडीवरच. आमच्या माधवनगरात आता याचं कुणाला काही वाटत नाही. नवा माणूस मात्र आत काय असेल म्हणून वळून वळून बघतो, आणि तो बघायला लागला की सुभेदार पिशवी आणखी जवळ ओढतात.

"फौजेतनं सुटीवर यायचो न्हवं बाई," त्यांनी एकदा मला समजावून सांगितलं, "तर परत निघायच्या दिवशी एक बूट गायब. दर सुटीला! आमचा मोत्या म्हणून कुत्रा हुता, त्येचं काम. साखळी घातली तरी बूट गायबच. दुसऱ्या दिवशी गावायचा, पर तवर गाडी गेलेली. मग साहेबाम्होरं उभं ऱ्हा. लय शिक्षा खाल्ली बगा त्या कुत्र्यापायी."

मोत्या जाऊनही आता जमाना झाला. पण सुभेदारांचा उंबऱ्यावरचा विश्वास जो उडाला तो उडालाच.

ते मूळचे कुंडलचे. सगळी नोकरी बिनतारी संदेश घेण्यापाठवण्यात गेली आणि ती अजून त्यांच्या अंगातून उतरलेली नाही. "निरोपाची पोच दिली न्हाई तर निरोप अर्ध्या वाटंवर मरतो," असं त्यांचं म्हणणं. दूधवाल्याला सांगतात, "उद्या अर्धा लिटर जादा. ओव्हर." ओव्हर म्हणजे माझं बोलून झालं, आता तुमी बोला. त्यावर दूधवाल्यानं "पोचला" म्हटल्याशिवाय सुभेदार दारातून हलत नाहीत. पुण्याच्या मुलाशी फोनवर बोलतानाही हेच. तो बिचारा मीटिंगमधून हळूच "पोचला, पोचला" म्हणतो.

मी शेजारीण, शाळेत मराठी शिकवते. त्यांच्या पत्नी शालनकाकू मला दोनच वर्षं लाभल्या. बोलायला लागल्या की चहा गार होऊन जायचा. त्या गेल्या आणि मुलानं सुभेदारांना करमणुकीसाठी मोठा मोबाइल आणून दिला. त्यात त्यांना एक दिवस 'खालचं बिऱ्हाड' सापडलं.

आमच्या लहानपणी दर गुरुवारी संध्याकाळी ही विनोदी मालिका लागायची. तिचा अकरावा भाग तर घराघरांत गाजलेला. बापूसाहेब नावाच्या चिकट भाडेकरूकडे दोन दिवसांसाठी आलेला पाहुणा महिना झाला तरी हलत नाही. बापूसाहेब त्याला घालवायला नाना युक्त्या करतात. अखेर तो जातो, घरात पेढे वाटले जातात, आणि तेवढ्यात दार वाजतं. पाहुणा छत्री विसरलेला असतो आणि बाहेर पाऊस सुरू झालेला असतो. संपला भाग.

मोबाइलवर त्या भागाखाली शेकडो लोकांनी आपापली मतं लिहिली आहेत. रोज दुपारी सुभेदार ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसतात आणि त्यातल्या एकेकाला पोच देतात. गिरण्या चालू होत्या तेव्हा म्हणे इथं शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. आता दुपारी नुसती झोपाळ्याची कडी वाजते. लिंबाची सावली ओसरीवरून भिंतीवर चढते, आणि त्या सावलीत बसून सुभेदार जगाला उत्तरं देतात.

कुणी लिहितं, "अजून कोण कोण बघतंय?" खाली सुभेदार: "मी बघतोय. ओव्हर." कुणी लिहितं, "आताच्या मालिकांना ही सर नाही." खाली: "सहमत. ओव्हर." कुणी नुसतीच हसरी तोंडं टाकतं. खाली: "हसला ते कळले. कशाला हसला ते कळवावे. ओव्हर." पाठवण्याआधी मजकूर माझ्याकडून तपासून घेतात. शुद्धलेखनाची चूक म्हणजे त्यांच्या लेखी बंदुकीला चढलेला गंज. मीही वह्या बाजूला सारून बसते. खोटं कशाला बोलू, त्या झोपाळ्यावर मलाही बरं वाटतं.

पण एका गोष्टीवर त्यांचं साऱ्या प्रेक्षकांशी भांडण होतं. शेवट.

"छत्रीचा शेवट खरा न्हाई," ते म्हणत. "मूळ शेवट कुणीतरी कापलाय."

त्यांच्या मते खरा शेवट असा: पाहुणा निघतो, उंबऱ्यात चप्पल शोधतो, तर एकच सापडते. सगळं घर शोधतं. आणि दुसरी निघते बापूसाहेबांच्या कोटाखालून! महिनाभर ज्याला घालवायला धडपडले, त्याचीच चप्पल लपवून बापूसाहेब तोंड फिरवून उभे असतात.

"तुम्ही पाहिलाय हा शेवट?" मी विचारलं होतं.

"मी कुठला बगतोय? मी तवा सरहद्दीवर. शालन दर भाग पत्रातनं लिवून धाडायची. कोण काय म्हणालं, कोण कसं हसलं, सगळं. आमची आख्खी बराक ऐकायला बसायची. त्या चपलेच्या शेवटाला तर पंजाबी गडीबी गप झालं हुतं. मीच हिंदीत सांगितलं त्येंना."

मग ते हेच त्या भागाखाली पुन्हा पुन्हा लिहीत. लोक उत्तर देत, "काका, असं काही नव्हतं." कुणी म्हणे, "छत्रीचाच शेवट भारी, उगाच फाटे फोडू नका." एकानं तर लिहिलं, "काका, स्वप्न पडलं असेल तुम्हाला." त्या दिवशी सुभेदारांनी पहिल्यांदा कुणाला पोच दिली नाही. मोबाइल पालथा ठेवला.

"मला म्हणा की काय म्हणायचं त्ये," ते म्हणाले. "पर ह्ये शालनला खोटं पाडत्यात. तिनं मला जन्मात एक शब्द खोटा लिवला न्हाई, बाई."

तो भाग लागला त्याच गुरुवारी मी तो, पाटावर बसून, डोळ्यांनी पाहिला होता. छत्रीच होती. आणि तरीही त्यांच्या "मूळ शेवट कापला आहे" या वाक्यातले ऱ्हस्वदीर्घ मी सहा महिने सुधारत होते. मला लाज वाटायची, पण खरं सांगायचा धीर होत नव्हता.

मागच्या महिन्यात एका दुपारी कुंपणावरून हाक आली. "बाई, जरा या. हे मोठं हाय. माझा चष्मा धुरकटलाय."

कुणा बाईनं त्यांच्या लिहिण्याखाली उत्तर दिलं होतं. मी मोठ्यानं वाचायला लागले.

"दादा, मी कुंडलचीच. तुमच्या शेजारच्या घरात तवा नवी सून म्हणून आले हुते. आता विट्याला लेकीकडं असते. त्या गुरुवारी गल्लीतल्या साऱ्या बायका टीव्हीम्होरं बसलेल्या आणि ऐन शेवटाला लाइट गेली. सगळ्या हळहळल्या. तर शालनवैनी अंधारात म्हणाल्या, थांबा, मी सांगते पुढचं. आणि चपलेचं सांगितलं. सांगता सांगता हसल्या आणि मधीच गप झाल्या. तुमी त्याच आठवड्यात सुटी संपवून गेला हुता. आमी सगळ्या आजवर त्योच शेवट खरा धरून हाय. छत्रीचं हितं वाचलं तवा कळलं. खरं सांगू, आमाला वैनींचाच आवडतो."

मी मजकूर वर सरकवला. खाली अजून दोन ओळी होत्या.

"आणि दादा, आता वैनी न्हाईत म्हणून सांगते. तुमचा बूट आमच्या कणगीत असायचा. ज्वारीत. दर सुटीला मीच लपवायचे, वैनींनी आणून दिला की."

झोपाळा थांबला होता. सुभेदार समोरच्या भिंतीकडे बघत होते. मला वाटलं, आता हे रडतील, आणि मला काय करावं ते कळेना. पण त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"लय खोटं बोलली वो ही, बाई," ते म्हणाले. "लय म्हंजे लयच. मोत्याला मी किती शिव्या घातल्या!"

आणि हसले. मग डोळ्यांतलं पाणी पुसून पुन्हा हसले. मीही हसत होते, रडत होते, दोन्हीही.

मांडीवर मोबाइल घेऊन त्यांनी एका बोटानं लिहिलं, "निरोप पोचला." मग मला दाखवलं नाही, विचारलं नाही, पुढं "ओव्हर" लिहिलं आणि पाठवून दिलं.

"आता कशाला ओव्हर?" मी म्हटलं. "झालं की सगळं कळून. आता कोण बोलायचं राहिलंय?"

"असू द्या," सुभेदार म्हणाले आणि पायानं झोपाळ्याला हलकेच रेटा दिला. "तिची पत्रं पयल्यापास्नंच उशिरा यायची."

थोड्या वेळानं मी उठले. चहाला या म्हटलं, तर ते माझ्यामागोमाग आले. आमच्या उंबऱ्यात त्यांनी चपला काढल्या. पिशवी हातात होती, पण ती घडी करून त्यांनी खिशात घातली आणि चपला तिथंच, बाहेर, उघड्यावर ठेवून आत आले.