दीड सेकंदात गेलेली फाइल

माणसाचे शरीर आणि कचेरी यांची आखणी एकाच डोक्यातून निघालेली असावी. दोन्हीकडे मुख्य काम आत कुठेतरी चाललेले असते, ते बंद पडेपर्यंत कुणाला कळत नाही, आणि कळल्यावर जो तो म्हणतो, परवापर्यंत तर ठणठणीत होते.

आमच्या मोठ्या साहेबांना एकदा सही करता करता पेन सापडेना. पेन हातातच होते. (आम्हाला यात नवीन काही वाटले नाही.) त्यांची भाची डॉक्टर. तिने मामांना आडवे केले, मानेच्या डाव्या बाजूला गार मलम चोपडले आणि वरून यंत्र फिरवले.

"मामा, इथे रक्ताचा वेग चौपट झालाय."

साहेब पडल्या पडल्या खुलले. "चौपट? आणि मी तर काहीच केलं नाही."

"तेच तर. तीस वर्षं खुर्चीतून उठला नाहीत. रक्तवाहिनी चिंचोळी झाली की रक्त तेवढ्या जागेतून पळत सुटतं. पुढे भोवरे होतात, आणि डोक्याला पोचतं ते कमीच."

"पण मधे चौपट."

"मामा, नुसतं जाऊन काय उपयोग, पोचायला हवं. पंधरा दिवसांत ऑपरेशन करायचं. उशीर केलात तर अर्धं अंग लुळं पडेल."

साहेबांनी यातला 'चौपट' तेवढा उचलला आणि ते कचेरीत आले. दुसऱ्याच दिवशी परिपत्रक निघाले: 'आकुंचनातून गतिमानता'. कचेरीचा आठ फुटी पॅसेज दोन्ही बाजूंनी लोखंडी कपाटे लावून दीड फुटावर आणण्यात आला. ऐन मध्यावर स्टॉपवॉच घेऊन टंकलेखकाला उभे केले. तिथून जायला माणसाला पूर्वी आठ सेकंद लागत, आता दोन लागू लागले. (त्यात कपाट अंगावर येईल या धास्तीचा वाटा किती, हे वेगळे मोजलेले नाही.)

कपाटांपलीकडे जे होई ते मोजण्याच्या कक्षेत येत नव्हते. तिथे माणसे गरगर फिरत. मुलाच्या जन्माचा दाखला मागायला आलेले एक गृहस्थ फिरत फिरत मृत्यूच्या खिडकीशी लागले आणि रांग लहान आहे म्हणून तिथेच थांबले. कपाटाला कान लावला की आतून घूं असा आवाज येई. भाचीला साहेबांच्या मानेतही तसाच आवाज आला होता. साहेबांनी त्याची 'जनतेचा समाधानदर्शक हुंकार' अशी नोंद करवली. पहिल्या आठवड्यात तक्रारी शून्य. (तक्रारपेटी कपाटामागे गेली होती.)

आता नियम असा की अधिकाऱ्याच्या शस्त्रक्रियेचा कागद पॅसेजच्या टोकाच्या वैद्यकीय कक्षातून मंजूर होऊन यावा लागतो आणि कुठे कापायचे ते रुग्णालय त्या कागदावरून ठरवते. साहेबांची फाइल कपाटांमधून दीड सेकंदात गेली. हा उच्चांक अजून अबाधित आहे. साहेबांनी लगेच भाचीला फोन लावला.

"अगं, फाइल गेली. दीड सेकंदात."

"गेली हो. पोचली का?"

"तुझा स्वभाव आईवर गेलाय," असे म्हणून साहेबांनी फोन ठेवला.

फाइल पलीकडच्या सात टेबलांवर तेरा दिवस फिरली. प्रत्येक टेबलावर तिचा स्वतंत्र गोषवारा काढण्यात आला, मग त्या गोषवाऱ्याचा गोषवारा. चौदाव्या दिवशी कागद बाहेर आला: 'उजव्या बाजूच्या रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया मंजूर. तातडीचे.' खाली सात सह्या, सातवी माझी. 'तातडीचे' या शब्दाखाली मी दोन रेघाही मारल्या. अधिकाऱ्याबद्दल आपुलकी असली की हात आपोआप चालतो.

पंधराव्या दिवशी साहेब टेबलावर आडवे. भाची हातात कागद घेऊन उभी.

"मामा, मी यंत्र कुठल्या बाजूला फिरवलं होतं?"

"बाजूचं काय घेऊन बसलीस? सात सह्या आहेत त्यावर."

तिने कागदाची घडी करून खिशात टाकली आणि स्वतःच्या जबाबदारीवर दुसऱ्या बाजूला ऑपरेशन केले. तिने कागद वाचला, म्हणून साहेब वाचले. मंजुरीबाहेरची बाजू कापल्याबद्दल आता तिची चौकशी चालू आहे. साहेबांनीच लावली. ती फाइलही कपाटांमधून गेली आहे, अद्याप पोचलेली नाही.

आम्हा सात जणांना हसण्याआधी, वाचकहो, जरा मागे जाऊन पाहा. मलम डाव्या बाजूला चोपडले होते, मंजुरी उजव्या बाजूची आली, आणि तुम्हीही तिथून सरसर पुढे गेलात. वेग उत्तम होता. कागदावर माझ्या सहीखाली थोडी जागा मोकळी आहे. पेन तुमच्या हातातच असेल.