काढा कोणाच्या अंगी लागला

सोनाबाई काढ्याचं फुलपात्र सुनेच्या हातात देऊन वळल्या, की जागृती मागच्या दाराने गोठ्यात जायची आणि ते बकरीच्या पाण्यात रिकामं करून यायची. गवती चहा, बाळंतशोपा, सुंठ, ओवा आणि शिवाय एक पाला. त्याचं नाव विचारलं की सोनाबाई 'आमच्या चौलचा' एवढंच सांगत. वनस्पतीशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या सुनेला हे नाव पुरत नव्हतं. राही तीन महिन्यांची. आईच्या पोटात गेलेलं दुधातून लेकीच्या पोटात जाणार, आणि बिननावाचं काही तिथे पोचू द्यायचं नाही, हे जागृतीने ठरवलं होतं. सासूला तोंडावर 'नको' म्हणणं मात्र तिला जमत नव्हतं.

आता बकरी पितेच आहे तर बघू या काय होतं ते, म्हणून तिने एक वही केली. 'दिवस पहिला : रंभा वास घेऊन मागे सरली, मग सगळं प्यायली. दिवस तिसरा : रवंथ वाढला. लेंड्या ठीक. दिवस पाचवा : बरोबर चार वाजता स्वयंपाकघराच्या दाराशी हजर.'

सहाव्या दिवशी काढ्याला उशीर झाला, तेव्हा रंभेने त्याच दाराला धडक दिली. सातव्या दिवशी भुकेच्या भरात तिने घरच्या होमस्टेतल्या एका पाहुण्याची गवती टोपी खाल्ली, फितीसकट. इकडे राही दुपारी तीन-तीन तास गाढ झोपू लागली. काढा सुनेच्या अंगी लागला, असं सोनाबाई सगळ्या आळीत सांगत सुटल्या. जागृतीने वहीत लिहिलं, 'राही शांत. कारण?' आणि ते प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलं.

आठव्या दिवशी, टोपी बाधली असेल या धास्तीने सोनाबाईंनी गुरांचे डॉक्टर दयाराम यांना बोलावलं. त्यांनी रंभेचं पोट दाबलं, जबडा उघडला आणि वास घेतला.

"सोनाकाकू, हिला मुखवास देता काय जेवल्यावर? तोंडाला ओवा-शोपेचा वास येतोय."

"बकरीला कोन ओवा घालनार?"

मग पोटात काय गेलंय ते कळेना, तर जुलाबाचं औषध पाजावं लागेल, असं म्हणत डॉक्टरांनी बाटली काढली. रंभेने जागृतीकडे पाहिलं. निदान जागृतीला तरी तसं वाटलं.

"मी घालते," ती म्हणाली आणि वही पुढे केली.

डॉक्टरांनी वही उभ्याउभ्या वाचली, बाटली परत पिशवीत ठेवली आणि पाचव्या दिवसाच्या पानाचा फोटो काढून नेला. सोनाबाई ओटीवर जाऊन बसल्या. जागृती समोर बसली. पाल्याचं नाव कळलं असतं तर प्यायले असते, राहीला दुधातून काही गेलं असतं तर काय केलं असतं, हे सगळं ती एका दमात बोलली. सोनाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या रडतायत, असं तिला वाटलं. पण त्या हसत होत्या.

"अगो बाय, आठ दिसांत रंभा दुप्पट दूध द्याया लागली. एवढ्या दुधाचं मी काय करू? तुझी सकालची अळिवाची खीर कशात शिजते, वाटलं तुला?"

बकरी, खीर, आपण, राही, असा रस्ता जागृतीने मनात दोनदा चालून पाहिला. कुठेच फाटा नव्हता. तिने वही मांडीवर घेतली आणि पेन उघडलं.

"आई, निदान ते झाड तरी दाखवा. मी नाव शोधून काढते."

"दाखवलं असतं गो," सोनाबाई म्हणाल्या. "कुंपनाआड एकच रोप होतं. काल टोपी खाऊन वर त्ये बुडासकट खाल्लं तिनं."