संचालकांची दुपारची झोप

“नवव्या पानावर घोरले काका. गया पुस्तक.”

शकीलभाई हे इतक्या हळू बोलले की दाराशी चपला काढत असलेल्या मला ते ऐकू यायला नको होतं. नोकरीचा माझा तो पहिलाच दिवस. शकीलभाई कंपनीचे मांडणीकार, आणि त्यांच्यासमोर अंबडहून आलेले एक लेखक मान खाली घालून आपलं हस्तलिखित पिशवीत भरत होते. आतल्या खोलीत पांढऱ्या चादरीच्या गादीवर, लोडाला डोकं टेकून, कंपनीचे सर्वांत ज्येष्ठ संचालक बन्सीकाका तोंड उघडं टाकून झोपले होते.

“अजून एकदा वाचून दाखवलं तर?” लेखकांनी विचारलं.

“भाऊ, तुम्ही लिहिता चांगलं,” शकीलभाई म्हणाले. “पण काका अर्ध्याच्या आत झोपले म्हणजे पुस्तक कंटाळवाणं. आमच्यात अपील नसतं.”

मी चपला पुन्हा पायात घालायच्या विचारात होते.

आमची कंपनी म्हणजे चिंचोका बालप्रकाशन. जुन्या जालन्यात, ठोक कापडाच्या दुकानाच्या वरचा मजला. खाली दिवसभर ठाण उलगडल्याचा धप धप आवाज येतो, रस्त्यावर रिक्षा एकमेकींत अडकून बसतात, आणि वर आम्ही मुलांना झोपवणारी पुस्तकं काढतो. ‘निजेची पुस्तकं’ हीच आमची मुख्य मालिका. संचालक मंडळाची बैठकही त्याच गादीवर व्हायची. खुर्चीवर बसून मुलांचा विचार करता येत नाही, असं बन्सीकाकांचं मत होतं.

पुस्तक पास करायची रीतही त्यांचीच. जेवणं झाली की काका आडवे व्हायचे आणि कुणीतरी हस्तलिखित मोठ्याने वाचायचं. अर्ध्याच्या आत झोपले तर पुस्तक नापास. “ही झोप न्हाई, ही गुंगी हाय.” शेवटपर्यंत जागे राहिले तर पुस्तक चांगलं, पण आमच्या कामाचं नाही. “बढिया. सकाळी वाचा म्हणावं.” शेवटच्या दोन पानांत कुठेतरी झोप लागली तर पास. वाचणाऱ्याचं लक्ष काकांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याकडे हवं. ते जागे असेपर्यंत अंगठा हलत असतो. तो थांबला की त्या ओळीशी पेन्सिलीने टिंब करायचं आणि उठायचं. चपला हातात घेऊन.

हे वाचनाचं काम आधी एका निवृत्त गुरुजींकडे होतं. ते फार भाव ओतून वाचायचे. वाघ आला की स्वतः वाघ व्हायचे, आणि काका दचकून उठून बसायचे. बरी बरी पुस्तकं गुरुजींमुळे सकाळची ठरली. मग एका दुपारी काकांनी मला बोलावलं आणि एक पान वाचायला सांगितलं. माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालेलं. मराठी मी घरी बोलते, वाचताना मात्र प्रत्येक जोडाक्षराशी थोडं थांबून, जिन्यात दिवा नसताना पाय टाकावा तसं वाचते. पान संपलं तेव्हा माझे कान तापले होते.

“तुझा आवाज बिनमिठाचा हाय, बेटा,” काका डोळे न उघडता म्हणाले. “बराबर हाय. आजपासून तूच वाच.”

आयुष्यात माझ्या आवाजाचं झालेलं ते पहिलं कौतुक.

काकांना भेटलं की ते ‘कसे आहात’ असं कधी विचारत नसत. “झोप आल्ती का?” एवढंच. बँकेच्या मॅनेजरला, कागदाच्या व्यापाऱ्याला, एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी हेच विचारलं. साहेब जरा गोंधळले, मग खाली बसले आणि अर्धा तास आपल्या झोपेविषयी बोलले. तपासणी राहिली.

कागद ते हाताने बघत नसत, कानाने बघत. व्यापारी नमुने घेऊन आला की काका आडवे व्हायचे आणि त्याला कानाशी पानं उलटायला लावायचे. “हे कडाडतं. लेकरू उठंल.” दुसरा नमुना. “हे बी कडाडतं.” गुळगुळीत, चकचकीत कागदाला आमच्या मजल्यावर जागाच नव्हती. सगळ्यात शेवटी व्यापारी गोदामातला जुना, मऊ पडलेला कागद आणायचा, आणि काकांचा चेहरा उजळायचा.

पुस्तकाचं वजन त्यांच्या नाकावर ठरायचं. “आधी बाप झोपतो,” ते म्हणायचे. “पुस्तक त्याच्या नाकावर पडतं. बाप बोंबलला की लेकरू उठलं, अन् मंग माय उठली.” म्हणून प्रत्येक नवं पुस्तक काका आडवं पडून, हात लांब करून, स्वतःच्या नाकावर सोडायचे. डोळ्यांत पाणी आलं तर पानं कमी करायची. आमची पुस्तकं इतकी पातळ का असतात, असं पुण्याच्या एका परीक्षकाने एकदा लिहिलं होतं. त्यांना काय कळवणार?

मजकुरातही त्यांचे कायदे होते. उद्गारचिन्ह चालायचं नाही. “घरात भांडं पडल्यासारखं वाटतं.” शेवटच्या पानांवर कोंबडा नको, रेल्वे नको, पाहुणे तर बिलकुल नकोत. भुताला त्यांची हरकत नव्हती. “भूत चालंल. पन बसलेलं पाहिजे.”

अशी ती खोली होती. दुपारी खिडकीचे पडदे ओढले की चादरीवर निळसर सावली यायची, पंखा आपल्याच लयीत फिरायचा, खालचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे वाटायचे. वाचता वाचता माझीही अक्षरं मऊ व्हायची. नदीकाठी राहणारं वासरू, चंद्रावर वाळत घातलेलं स्वेटर, शहागडच्या पुलावरून रोज ट्रक मोजणारी म्हातारी, हे सगळे त्या सावलीत येऊन बसत, आणि मधे काकांचा अंगठा हळूहळू थांबत जाई. मला आता जोडाक्षरांची भीती वाटेनाशी झाली होती.

दिवाळीत कंपनीचे सगळे लोक गोविंदशेठच्या घरी फराळाला जातात. गोविंदशेठ म्हणजे काकांचे सगळ्यात धाकटे भाऊ आणि आमच्या मंडळाचे अध्यक्ष. त्यांचा सळ्यांचा कारखाना आहे. काकांनी लग्न केलं नाही, ते गोविंदशेठकडेच राहतात. मी कोपऱ्यात शंकरपाळे खात होते, आणि गोविंदशेठच्या पत्नी माझ्याशेजारी येऊन बसल्या.

“तू वाचतेस ना जेठजींना?” त्या म्हणाल्या. “काय वाचतेस ते मला बी दे. घरात ते झोपतच न्हाईत. सगळ्यांचे दिवे बंद होईस्तोवर बसून राहतात, मंग दारं बघतात, गॅस बघतात, पोरांच्या अंगावर पांघरूण हाय का बघतात. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. ह्या वयात कुठून आणायची झोप?”

“ऑफिसात लागते त्यांना,” मी म्हणाले.

“तेवढीच हाय,” त्या म्हणाल्या आणि ताट पुढे केलं.

त्यानंतर टिंब करून उठताना मी चपला आणखी जपून उचलू लागले. पुस्तक पास झालेलं असो की नापास, पंखा एकने कमी करायचा आणि दार लोटून घ्यायचं. शकीलभाई बाहेरून बोटानेच विचारायचे, कितवं पान? मी बोटांनीच सांगायचे.

आणि मग मंडळाचं ठरलं. बन्सीकाका आणि आमचे दुसरे ज्येष्ठ संचालक, लहान मुलांचे एक डॉक्टर, दोघेही निवृत्त होणार. डॉक्टर मुलीकडे नाशिकला राहायला निघाले होते आणि त्यांना आनंद लपवता येत नव्हता. कंपनीची दिशाही बदलणार होती. पुण्याहून आलेल्या सल्लागारांनी इंग्रजीत एक आराखडा करून दिला होता. निजेची पुस्तकं बंद. त्याऐवजी मोबाईलवर गाणारी, बोट लावलं की उडी मारणारी गोष्ट, शाळांसाठी रंगवायच्या वह्या, आणि पुस्तकांची निवड मुलांच्या चाचण्या घेऊन. गादी काढून टेबल येणार होतं.

गोविंदशेठना दोष देता येत नव्हता. गोदामात पुस्तकं पडून होती आणि ते बरीच वर्षं कारखान्याच्या पैशातून कंपनी सांभाळत होते. शेवटच्या बैठकीला ते थेट कारखान्यातूनच आले. भट्टीत काहीतरी बिघाड झाला होता आणि दोन रात्री ते तिथेच होते. डोळे लाल, शर्टावर धूळ.

“भाईजी, आता पोरं मोबाईल बघत बघतच झोपतात,” ते म्हणाले.

“झोपत न्हाईत, गोविंद. थकतात.”

“काही म्हणा. दुकान तर चाललं पाहिजे ना?”

“पाहिजे,” काका म्हणाले. “बिलकुल पाहिजे. मी कुठं न्हाई म्हणून राह्यलो. फक्त आपला एक कायदा हाय. इथून जे निघंल ते आधी वाचून पास करायचं. तुझा कागद बी वाचून बघू.”

डॉक्टर हसले. गोविंदशेठही थोडे हसले. “भाईजी, तो इंग्रजीत आहे.”

“मंग? लेकराला तरी पहिल्या खेपेला कुठं सगळं समजतं?” आणि काका लोडाला टेकून आडवे झाले. “वाच, बेटा. जल्दी न्हाई.”

मी आराखडा उचलला. त्या खोलीत मी पहिल्यांदाच न अडखळता वाचत होते. शाळेत आम्हांला असंच वाचायला शिकवलं होतं, सरळ, स्वच्छ, कुणाचाच आवाज नसल्यासारखं. बाजारपेठ, वाढ, भागीदारी, टप्पा पहिला, टप्पा दुसरा. वाक्यं लांब होती आणि त्यांत कुठे वासरू नव्हतं, म्हातारी नव्हती. तरीही पंखा फिरत होता, पडदा हलत होता, खाली कुणीतरी ठाण उलगडत होतं, आणि एका ठरावीक चालीवर ती वाक्यं एकामागून एक निघून जात होती. मी काकांच्या अंगठ्याकडे बघत होते. तो हलतच होता. मी आणखी सावकाश वाचू लागले. हे त्यांचं शेवटचं वाचन होतं, निदान आज तरी त्यांना झोप लागावी, म्हणून मी आवाजातलं उरलंसुरलं मीठही काढून टाकलं. अंगठा हलत राहिला.

मग बाजूने एक खोल, संथ श्वास आला.

झोपले होते गोविंदशेठ. बसल्या बसल्या त्यांची मान लोडावर कलली होती, तोंड किंचित उघडं, हातात मोबाईल तसाच. साठीचा माणूस, आणि झोपेत चेहरा एकदम कुणाच्या तरी घरचं लहान मूल असावं तसा.

मी थांबले. काकांनी डोळे उघडले आणि बोटाने खूण केली, वाचत राहा, थांबलीस तर उठंल. मी वाचत राहिले. ते हळूच उठून बसले. भावाच्या हातातला मोबाईल काढून बाजूला ठेवला. चष्मा काढला, काड्या मिटल्या. मग त्याचे पाय सरळ करून दिले, आणि खांद्यावर हात ठेवून थोपटू लागले. हे करताना ते त्याच्याकडे बघतही नव्हते. हात आपला आपणच काम करत होता.

“माँ गेली तवा हा दीड वर्साचा होता,” ते डॉक्टरांना अगदी हळू म्हणाले. “बाबूजी बाजाराला जायचे. दुकानाच्या मागं पोत्यांवर चारी भावंडांना मीच झोपवायचो, गोष्टी सांगून. मी नऊ वर्साचा. मला गोष्टी कुठं यायच्या? काही बी सांगायचो. यानं कधी शेवट ऐकलाच न्हाई. त्याच्या आधीच झोपायचा, असाच.”

“आणि तुम्ही हो, बन्सीलालजी?” डॉक्टरांनी विचारलं. “तुम्हांला कोण झोपवायचं?”

काका थोडे हसले. प्रश्नच चुकीचा असल्यासारखे.

“मी कसा झोपंल, डॉक्टरसाब? सगळेच झोपले तर ध्यान कोन ठेवंल?”

पुढची दोन वाक्यं मी वाचली, पण काय वाचली ते आठवत नाही. काकांनी मान वळवून दाराशी उभ्या शकीलभाईंकडे पाहिलं आणि ओठांनीच सांगितलं, “पास.” शकीलभाईंना आधी कळलं नाही. काकांनी आराखड्याकडे बोट दाखवलं, मग झोपलेल्या भावाकडे. शेवटचं पान चालू होतं. कायद्याने आराखडा पास झाला होता. शकीलभाई मागे सरले. डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले.

आराखडा संपला. काका थोपटतच होते. बसलेले, ताठ, डोळे दाराकडे. त्या खोलीत मी आजवर फक्त दुसऱ्यांचं लिहिलेलं बोलले होते. मी कागद बाजूला ठेवला.

“काका, तुम्ही पण आडवे व्हा. मी जागी आहे.”