रणपिसे आणि बिनव्याजी रोखे

रणपिसेंना "कसे आहात?" असं विचारलं, की ते स्वतःबद्दल काही सांगत नसत. "क्वालालंपूर जरा नरम आहे," म्हणायचे आणि कपाळाला आठी घालून पुढे चालू लागायचे. म्हणजे तिथला शेअरबाजार; पण नव्या माणसाला वाटे, क्वालालंपूर ही त्यांच्या घरातली कुणी म्हातारी असावी.

बहरीनमध्ये, मनामातल्या एका गुंतवणूक कंपनीत मी टायपिस्ट आणि ते फाइलिंग क्लार्क. तिथल्याच गुदैबिया भागात आम्ही एकाच खोलीत राहायचो. आमच्या कंपनीचं काम सुकूकचं. इस्लाममध्ये व्याज निषिद्ध, म्हणून हे बिनव्याजी रोखे. पैसे लावणाऱ्याला व्याजाऐवजी एखाद्या इमारतीच्या नाहीतर जहाजाच्या भाड्यात वाटा मिळायचा. ही माहिती मला रणपिसेंनी दिली. मी विचारली नव्हती. ते वरण ढवळत होते.

कपाटाच्या दारावर बाकीचे लोक नट्यांचे फोटो लावायचे, तिथे यांचे आलेख. परदेशात कुठल्या कंपनीने सुकूक काढला आणि पुढच्या दहा दिवसांत तिच्या शेअरने वर तोंड केलं की खाली, हे सगळं निळ्या पेनने.

"सुखाच्या दिवसांत वाटीभर साखर मागायला गेलं," ते सांगायचे, "तर शेजारीण म्हणते, पाहुणे आलेत वाटतं. पडत्या काळात गेलं तर म्हणते, यांच्याकडे साखरसुद्धा नाही. वाटी तीच. कंपनीने पैसे मागितले की बाजारही असाच बोलतो."

मग तो पडता काळ खरंच आला. आग्नेय आशियातली चलनं कोसळली, इकडे तेलाचा भाव उतरला. ऑफिसात माणसं कमी करायचं ठरलं. यादी मी टाइप केली. तिसरं नाव रणपिसेंचं होतं. खोलीवर आल्यावर मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. ते भात वाढत म्हणाले, "आज तुमचंच क्वालालंपूर दिसतंय."

त्याच आठवड्यात आमची एक मलेशियन गिऱ्हाईक कंपनी सुकूक काढणार होती. रणपिसे आलेख घेऊन थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. मॅनेजर अबू खालिद भला बहरीनी माणूस, पण त्याला 'प' जमत नसे.

"सर, शेअर पडेल. साखर कशाला पाहिजे ते आधी सांगा."

"व्हॉट शुगर, रणबिसे?"

"पैशातून काय घेणार, ते."

"फाइल ठेव. खलास."

सुकूक जाहीर झाला आणि शेअर पडला. दुसऱ्या दिवशी आणखी पडला. चौथ्या दिवशी अबू खालिदने त्यांना बोलावून आलेख टेबलावर पसरायला लावले. वाईट दिवसांतही ज्या कंपन्यांनी पैशाचं काय करणार ते स्वच्छ सांगितलं होतं, त्यांचे शेअर सावरले होते. मग आमच्या गिऱ्हाइकानेही जाहीर केलं, की पैसा गोदामांसाठी आहे आणि भाडेकरू आधीच ठरलेत. शेअर हळूहळू वर आला. पुढच्या आठवड्यात मी यादी पुन्हा टाइप केली. तिसऱ्या जागी दुसऱ्याच कुणाचं नाव होतं, त्यामुळे मला धड आनंदही करता आला नाही.

शुक्रवारी सकाळी आम्ही फोनबूथच्या रांगेत होतो. रणपिसे माझ्या पुढे. त्यांची मुलगी दोन वर्षांची असताना ते इकडे आले होते. आता ती साताऱ्याला कॉलेजात होती आणि शुक्रवारी शेजारच्या मास्तरांकडे फोनवर यायची. बूथचं दार नीट लागत नसे.

"जेवलीस का?" ते म्हणाले. मग फोनची वायर बोटाला गुंडाळली. मग, "अभ्यास?" वायर सोडली. आणि मग त्यांनी आलेखांची गोष्ट काढली. आवाज मोकळा झाला, हात हलायला लागले. पलीकडून प्रश्न येत असावेत, कारण ते मधेच थांबून "बरोबर, बरोबर" म्हणत होते. तिने अर्थशास्त्र घेतलंय, हे मला तेव्हा कळलं. कपाटाच्या दारावरचा पहिला आलेख कधीचा असेल, याचाही अंदाज आला.

मग पलीकडचं काहीतरी ऐकून ते घाईने "कार्ड संपलं, बाळा," म्हणाले आणि रिसीव्हर ठेवला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाली?"

"विचारत होती, बाबा, तुम्ही घरी कधी येणार." त्यांनी चष्मा काढून शर्टाने पुसला. "आजवर कधी विचारलं नव्हतं तिनं."

मग त्यांनी आपलं कार्ड माझ्या हातात दिलं. "घ्या, वापरा," म्हणाले आणि पाठ फिरवून चालू लागले. मी ते फोनमध्ये घातलं. अर्ध्याहून जास्त शिल्लक होतं.