पिकअपचे आचके

शाळेच्या निरोप समारंभासाठी निघालेला तीनमजली केक पोचेपर्यंत दुमजली झाला, त्या दिवशी बेकरीवाल्यांच्या बायकोने जाहीर केलं, "आता ही गाडी विका."

"एका केकपायी?" बेकरीवाले कळवळले.

"वरचा मजला मुख्याध्यापिकाबाईंनी खोक्यातून चमच्याने खरवडून खाल्ला. आणि वर म्हणाल्या, छान झालाय! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

नीट चाललेला पिकअप मधूनच फट्-फट् करत आचके द्यायचा आणि पुन्हा काही घडलंच नाही अशा थाटात धावू लागायचा. पण बेकरीवाल्यांचा जीव त्याच्यात गुंतला होता. बावीस वर्षांपूर्वी पहिली भट्टी याच गाडीतून आली होती आणि मुलगी झाली तेव्हा मायलेकी दवाखान्यातून घरी आल्या त्याही हिच्यातूनच. त्यांनी आठवड्याची मुदत मागून घेतली आणि गॅरेजच्या मिस्त्रींना गाठलं.

मिस्त्री म्हणजे अगदी काडीपैलवान. पण कान तिखट. "इंजिन मिसिंग मारतंय, ठिणगी मध्येच चुकतेय," त्यांनी वर्णनावरूनच सांगितलं. "आणा किल्ली." चौकापर्यंत चक्कर मारून आले. गाडी लोण्यासारखी चालली. तरी त्यांनी प्लग बदलले. दुसऱ्या दिवशी पाव पोचवताना फट्-फट्! मग फिल्टर बदलला. मग कॉइल बदलली. दर खेपेला मिस्त्री चालवून बघत तेव्हा गाडी शहाण्यासारखी वागे आणि बेकरीवाले बसले की अंगात आल्यासारखी करे.

"पाहुण्यांपुढे सोज्वळ, घरच्यांपुढे थयथयाट!" बेकरीवाले वैतागले.

"मी शेजारी बसतो, तुम्ही चालवा," मिस्त्री म्हणाले.

पहिल्याच वळणावर फट्-फट् झालं. मिस्त्रींचा चेहरा उजळला. त्यांनी बेकरीवाल्यांना उठवून स्वतः स्टिअरिंग धरलं. इंजिन गप्प. पुन्हा जागा बदलल्या. फट्-फट्! शेवटी बेकरीच्या मागच्या अंगणात येऊन त्यांनी बेकरीवाल्यांच्या बायकोला बसवलं. तिने चार चकरा मारल्या. शिलाई मशीनसारखा एकसुरी आवाज.

"गाडीत तर काही दोष दिसत नाही," मिस्त्री आभाळाकडे बघत म्हणाले.

हे बेकरीवाल्यांना फार लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी चपला काढून चालवून बघितली, श्वास रोखून चालवून बघितली. दुपारी बायको अंगणात आली, तेव्हा नवरा स्टिअरिंगवरून हात फिरवत पुटपुटत होता, "माझं काय चुकलं ते सांग तरी." गाडी विकायचं ती विसरूनच गेली. तिने मिस्त्रींना बोलावणं धाडलं.

"ह्या गाडीचं इंजिन कुठे असतं हो?" तिने विचारलं.

"ड्रायव्हरच्या सीटखाली."

"मग मैद्याचं एक पोतं उचला आणि सीटवर ठेवा."

"कशाला?" बेकरीवाल्यांनी विचारलं.

"गाडी चालवायला!"

इंजिन सुरू करून पन्नास किलोचं पोतं ड्रायव्हरच्या जागी बसवलं. आवाज एकसुरी. त्यावर पंचवीस किलो साखर. तरी एकसुरी.

"बघ! वजनाचा काही संबंध नाही," बेकरीवाले घाईने म्हणाले.

"तुमचं वजन किती?"

"पंच्याऐंशी. तुला माहितीये की."

तिने लोण्याचा दहा किलोचा डबा चढवला. पंच्याऐंशी झाले. इंजिन निवांत गुरगुरत होतं. मग तिने साखर आणि लोणी उतरवायला लावून मैद्याचं दुसरं पोतं चढवायला सांगितलं.

फट्. फट्-फट्-फट्!

स्टिअरिंगमागे दोन पोती आचके खात होती.

"शंभर," बायको म्हणाली.

"काटा... काटा जुना होता गं," बेकरीवाले म्हणाले. "आणि मी नेहमी एक पाय खाली टेकवून उभा राहायचो."

मिस्त्रींनी इंजिन बंद करून सीट उचलली. खालची पट्टी गंजून वाकली होती. जास्त भार आला की ती प्लगच्या वायरवर दाबली जायची आणि खरवडलेल्या जागेतून ठिणगी भलतीकडेच उडायची. मिस्त्रींनी नवी वायर दुसऱ्या बाजूने फिरवून बांधली आणि पट्टी ठोकून सरळ केली. अर्ध्या तासाचं काम. बेकरीवाले स्वतः बसले, सीटवर दोनदा उडी मारली, चक्कर मारून आले. गाडी हूं की चूं करेना. त्यांचे डोळे भरून आले.

संध्याकाळचे पाव पोचवायला ते निघाले, तेव्हा बायको ड्रायव्हरच्या जागेवर बसलेली होती.

"अगं, आता नीट झालीये ती!"

"गाडी झालीये. तुमचं बघायचंय. आजपासून पाव मी पोचवणार, तुम्ही चालत यायचं. चार तर गल्ल्या आहेत."

"चालत?"

"मी आहे ना बरोबर."

आणि खरंच होती. बेकरीवाले रस्त्याच्या कडेने धापा टाकत चालले होते आणि पिकअप त्यांच्या शेजारून, पहिल्या गिअरमध्ये, त्यांच्याच चालीने. खिडकीतून कोपर बाहेर काढून बायको दिवसभराच्या गोष्टी सांगत होती. मागे सात गाड्या हॉर्न मारून घसा फोडत होत्या. ते दोघांच्याही कानावर जात नव्हतं.