गजभिये काकांची बादली

आमच्या जानकीपुरममध्ये कुणाकडे बाळ झालं की लोक झबली-टोपडी घेऊन जातात. गजभिये काका बादलीभर माती घेऊन जातात.

काका मूळचे वर्ध्याचे. माती तपासायच्या सरकारी नोकरीत लखनौला आले आणि रिटायर झाल्यावरही इथेच राहिले. काकू गेल्यापासून एकटेच असतात. आमच्या कॉलनीखाली नुसता विटांचा चुरा आणि सिमेंट. इथं गवतसुद्धा नाराजीनं उगवतं. म्हणून काका रोज सकाळी घरोघर सालपटं गोळा करतात आणि अंगणात खत करतात. माझ्या बायकोनं एकदा कोथिंबिरीचे देठ कचऱ्यात टाकले, तर म्हणाले, "काऊन फेकून राहिली पोरी? हे जेवण आहे मातीचं!"

बारशाला त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. "मुँह एक बढ़ा, मिट्टी कितनी बढ़ाई?" मिश्राजींकडे जुळं झालं तेव्हा काका दोन बादल्या घेऊन गेले आणि वर म्हणाले, "अब बस कीजिए!" मिश्राजींच्या आई भडकल्या. आता त्याच मातीतली मेथी त्या आम्हाला पाठवतात.

काकांच्या व्हरांड्यात एक निळा ड्रम असतो. त्यात चाळून चाळून मऊ केलेली, सगळ्यात जुनी माती. आमची चिऊ झाली तेव्हा मी तीच मागितली. "ती नाही," काका तुटकपणे म्हणाले आणि दुसरीकडच्या मातीनं बादली भरली.

गेल्या महिन्यात त्यांचा मुलगा आणि सून बंगळूरहून आले होते. त्यांच्याकडे चहा घेताना मी सहज म्हणालो, "मग, काकांना नातवाची बादली कधी उचलायला लावताय?"

मुलगा हसला. "भैया, पापा ने ही तो सिखाया, लोग बहुत हो गए। हमने तय किया है, बच्चा नहीं करेंगे।"

"बरोबर आहे," काका म्हणाले. कप उचलून आत गेले, ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. मला तिथं बसवेना.

मुलगा परत गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी काका बादली घेऊन आमच्या दारात उभे. माती निळ्या ड्रममधली होती.

"काका, आमच्याकडे नवीन कुणी नाही हो!"

"माहीत आहे. ठेवून ठेवून वाळून चालली होती." ते पायरीवर बसले आणि चिऊला म्हणाले, "मला आजोबा म्हणशील का गं?"

चिऊला मराठी कळते, पण बोलते ती हिंदीच. "दादाजी बोलूँ?"

"चालेल," काका म्हणाले आणि तिच्या मुठीत मेथीचे दाणे ठेवले.